नाशिकच्या कॉलेज लॅबमध्ये उबुंटू 24.04 आहे, सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) नाही. ‘जेम इन्स्टॉल रेल्स’ केलं की लिहिण्याची परवानगी नाही असं येतं. काय करू?

उबुंटूच्या रुबी भाषेत जेम्स (रुबीची तयार पॅकेजं, रेल्स त्यातलंच एक) डीफॉल्टने सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जातात आणि तिथे तुम्हाला लिहिता येत नाही. सुडो नाही हे बरंच आहे, कारण त्याने बसवलेल्या जेम्सची मालकी रूटकडे, म्हणजे अ‍ॅडमिन खात्याकडे, जाते आणि पुढे तीच कटकट होते.

त्याच कमांडला --युजर-इन्स्टॉल जोडा, जेम तुमच्या होम फोल्डरमध्ये बसेल. पण मग ‘रेल्स: कमांड नॉट फाउंड’ येईल. घाबरू नका, जेम बसलेलं असतं, फक्त शेलला (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) सापडत नाही. ‘जेम एन्व्ह’ चालवा, ‘युजर इन्स्टॉलेशन डिरेक्टरी’ ही ओळ शोधा, तिच्या शेवटी /बिन जोडून तो पत्ता होममधल्या .बॅशआरसी फाईलमध्ये (शेल सुरू होताना ती वाचतो) पाथला, म्हणजे शेल कमांड जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीला, द्या. जुना पाथ त्याच ओळीत ठेवाच. तो गाळला तर ‘एलएस’सारखी साधी कमांडसुद्धा चालणार नाही. मग टर्मिनल बंद करून नवं उघडा. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल हा बदल वाचत नाही. बहुतेक जण इथेच अडकतात.

‘नेटिव्ह एक्स्टेन्शन’ (जेमचा तुमच्याच मशीनवर कंपाइल करावा लागणारा भाग) बांधता आलं नाही असा एरर आला तर पाथचा दोष नाही. कंपायलर आणि हेडर फाईली नाहीत. लॅबवाल्या सरांना बिल्ड-इसेन्शियल, रुबी-डेव्ह आणि लिबयामल-डेव्ह ही तीन पॅकेजं टाकायला सांगा. एररची शेवटची ओळ पाहून थांबू नका, खरं कारण बहुधा वर असतं.