जिनिंगच्या रांगेत गाडी आपोआप बंद पडते, त्याबद्दल

भाऊ, नवीन पिकअपबद्दल अभिनंदन. कापूस भरून काट्यापुढच्या रांगेत दर चार हातांवर इंजिन बंद होतं, ते बिघाड नाही. गाडी न्यूट्रलला आली अन् क्लच सुटला की डिझेल वाचवायला ती स्वतःच बंद होते. क्लच दाबला की चालू.

डॅशबोर्डवर ‘ए’ अक्षराभोवती गोल बाण असलेलं बटण शोध. दाबलं की शेजारी दिवा लागतो, म्हणजे इंजिन आपोआप बंद होणं थांबलं. बहुतेक गाड्यांत चावी फिरवून पुन्हा चालू केली की ते परत सुरू होतं, म्हणून सकाळी बेल्ट लावला की लगेच बटण, ही सवयच लावून घे. बटण हाताशी नसेल तर रांगेत क्लच दाबून ठेव, पण थोडा वेळच, नाहीतर क्लचचं बेअरिंग लवकर झिजतं.

सुरुवातीला पोरं हमखास दोन चुका करतात. एक, इंजिन आपोआप बंद होऊ नये म्हणून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरचा छोटा सेन्सर काढून टाकतात. माझ्या ओळखीच्या एकाने वरूडला संत्रा नेताना हेच केलं. मीटरवर दिवे पेटले अन् वॉरंटीचा वाद वेगळाच. दुसरी, स्वस्तातली साधी बॅटरी बसवतात. या गाड्यांची बॅटरी वारंवार स्टार्ट सोसेल अशी दणकट असते, बदलताना त्याच प्रकारची घे. आपल्याकडच्या मे महिन्यात साधी लवकर दम टाकते.

अन् बोनेट उघडताना आधी चावी काढ. इंजिन शांत आहे म्हणजे बंदच आहे असं धरू नको, पंख्याजवळ हात नेऊ नको.

हे आपोआप बंद होणं कायमचं थांबवायला वायरिंगमध्ये बसवायचे डबे मिळतात, ते सध्या राहू दे. आधी महिनाभर बटणावर चालव.