साफ्टाचा दाखला असूनही संत्र्यावर कर कसा?

प्रश्न : काटोल भागातला संत्रा कळमन्यातून बांगलादेशात पाठवतो. दोन्ही देश साफ्टात (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात) आहेत, मग तिकडे एवढा कर कसा? मूळ देशाचा दाखला काढून फायदा काय?
– एक व्यापारी, नागपूर

उत्तर : साफ्टा 1 जानेवारी 2006 पासून लागू आहे, पण तो युरोपीय संघासारखा सीमाशुल्क संघ नाही. तिथे नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात एकदा शुल्क भरलं की माल जर्मनीत पुन्हा शुल्क न भरता जातो. साफ्टात प्रत्येक देशाचे दर वेगळे आणि सवलतीतून वगळलेल्या मालाची ‘संवेदनशील यादी’ही वेगळी. भारताने नोव्हेंबर 2011 मध्ये अल्पविकसित देशांसाठीची यादी 480 वरून 25 वस्तूंवर आणली, पण ती सूट बांगलादेशातून इकडे येणाऱ्या मालाला. तुमचा माल उलट दिशेने जातो!

शिवाय दाखल्याने कमी झालं तर मूळ सीमाशुल्कच कमी होतं. नियामक शुल्क, पूरक शुल्क, व्हॅट, आगाऊ आयकर हे वेगळे. ते बांगलादेशच्या हद्दीतल्या बेनापोल नाक्यावर आयातदार भरतो आणि तुमच्या भावातून वसूल करतो. म्हणून सौद्याआधी त्याच्याकडून कोडनिहाय (मालाच्या सीमाशुल्क वर्गीकरणाच्या क्रमांकानुसार) कराचा तक्ता मागवा.

कोडही नीट टाका. नागपुरी संत्रा म्हणजे मँडरिन, 0805 21. बिलात ‘ऑरेंज’ म्हणून 0805 10 टाकलं आणि फायटोसॅनिटरी (रोग-कीडमुक्ततेच्या) दाखल्यावर ‘सिट्रस रेटिक्युलाटा’ हे मँडरिनचं शास्त्रीय नाव असलं, की कागद जुळत नाहीत. ट्रक आपल्या हद्दीतल्या पेट्रापोल नाक्यावर अडकला तर नुकसान तुमचंच. मूळ देशाच्या दाखल्याचा अर्ज डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर करा. फळासाठी निकष ‘पूर्णतः देशात उत्पादित’ हाच.

प्रश्न : बुटीबोरीत यंत्रभाग बनवतो, काही सुटे भाग चीनचे. आसियान (आग्नेय आशियाई) देशांत शुल्कसवलत मिळेल?

उत्तर : मिळेल, पण भारत-आसियान व्यापार करारातल्या सर्वसाधारण नियमाच्या दोन्ही अटी पाळाव्या लागतील. एफओबी किमतीत (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत) किमान 35 टक्के मूल्य भारताचं किंवा आसियानचं हवं. 1000 रुपयांच्या मालात चिनी भाग 620 चे, तर 38 टक्के उरतात, पास. चिनी भागांची किंमत सीआयएफने, म्हणजे विमा आणि वाहतूक भाडं धरून, मोजा. रुपया घसरून ती 660 झाली की नापास. दुसरी अट, चिनी भागाचा आणि तयार मालाचा सहा अंकी कोड वेगळा हवा. नुसतं पॉलिश आणि पॅकिंग केल्याने तो बदलत नाही. आधी कोड तपासा, टक्के मग काढा.