काळ्या वावरात चुना टाकू नका, धानाच्या बांधीचं वेगळं

भाऊ, तुमचं वावर भद्रावतीकडं, काळं. पऱ्हाटी (कपाशी) लाल पडली, घराची टिनं चार वर्षांत सडली आणि पावसात पन्हाळातून काळं पाणी येतं. हा अ‍ॅसिडचा पाऊस असेल तर एकरी किती चुना टाकू, असं विचारलंय. साळ्याची धानाची बांधी नागभीडकडं आहे, तिचंही विचारलंय.

तुमच्या वावरात चुना अजिबात टाकू नका. नांगरताना पांढरे खडे वर येतात ना, तीच चुनखडी. एक खडा दगडावर कुटून त्या पिठावर लिंबू पिळा. बारीक फेस येतो, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. वरून पडलेल्या आम्लाचं तुमची माती असंच करते. अशा चुनखडीच्या काळ्या मातीचा सामू (pH, 7 च्या खाली आंबट, वर खारट) 7.5 ते 8.5 असतो, तिला आंबट करणं सोपं नाही. उलट आणखी चुना पडला तर पऱ्हाटीला मॅग्नेशियम, लोह, जस्त उचलणं जड जातं, आणि लाल्याचं, म्हणजे पानं लाल पडण्याचं, एक मोठं कारण मॅग्नेशियमची कमतरता हेच आहे. म्हणजे औषध म्हणून रोगच वाढवाल. आधी पान उलटून तुडतुडे पाहा, त्यांच्यामुळंही कडा लाल होतात. ते नसतील तर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा.

पन्हाळातलं काळं पाणी म्हणजे राख आणि कोळशाची धूळ. आम्लाला रंग नसतो. स्वच्छ पावसाचाही सामू हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळं 5.6 च्या आसपास असतो, त्याच्या बराच खाली गेला तरच तो आम्लपाऊस. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, पण चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशाचा ढीग डोळ्यांसमोर आणा, म्हणजे एकूण गंधक किती ते कळेल. आपल्याकडची धूळ चुनकट असल्यानं पावसातलं बरंच आम्ल ती मारते, म्हणून युरोपातल्यासारखी जंगलं इथं वाळली नाहीत.

टिनाचं मात्र तुमचं बरोबर आहे. आम्ल यायला पाऊसच लागतो असं नाही. कोळशातलं गंधक जळून धुरात येणारा सल्फर डायऑक्साइड कोरडाच खाली बसतो, रात्री दव पडलं की टिनावर आंबट पापुद्रा तयार होतो आणि जस्ताचा मुलामा विरघळतो. वर राख साचलेली असली की ओल लवकर सुटत नाही. आमच्या गोठ्याचं टिन पन्हाळाच्या कडेला, राख साचते तिथंच आधी गेलं. दिवाळीनंतर दव सुरू होण्याआधी टिनं धुऊन रंग लावा.

आता साळ्याचं. मला खरी काळजी तिकडची वाटते. पूर्वेकडं बऱ्याच ठिकाणी माती तांबूस, हलकी, तिच्यात चुनखडी नाही. अशा मातीतून कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जातं, सामू 5 च्या खाली घसरला की ॲल्युमिनियम मोकळं होऊन मुळं खुरटतात. त्यात वर्षानुवर्षं नुसता युरिया टाकला तर तोही माती आंबट करतो, आणि माझ्या मते बांधीत धुरापेक्षा याचाच हात मोठा असतो. तलावाचंही तसंच. स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांत आधी मोठे मासे मेले नाहीत, अंडी आणि पिल्लं जगेनाशी झाली. जाळ्यात म्हातारे मासेच येऊ लागले तेव्हा लोकांना कळलं. मामा (माजी मालगुजारी) तलावावर पोट असलेल्या ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, विचारा, दोन-तीन वर्षांत बारीक मासा कमी झालाय का. इतर कारणंही असतात, पण पाणी तपासायला तेवढं निमित्त पुरे.

त्यानं बांधीतली माती तपासावी, सामू 5.5 च्या खाली निघाला तरच अहवालात लिहिलेला चुना द्यावा. पावसाचं पाणी तपासायचं असेल तर टिनावरून घेऊ नका. धुतलेलं प्लास्टिकचं घमेलं झाडापासून दूर, खाटेवर ठेवा, पहिली सर वेगळ्या बाटलीत आणि तासाभरानंतरचं वेगळ्या बाटलीत भरा. कागदी पट्टी पावसाच्या पाण्यात चुकते, प्रयोगशाळेत मीटरवरच मोजून घ्या. दोन्ही आकडे आले की इथं टाका, मी बघतो.