दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेले लेखन कोणाचे?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखानदारांच्या आठवणी आपण मोबदला घेऊन त्यांच्या नावाने लिहून देता. ते लेखन आपले की त्यांचे, असे आपण विचारले आहे.

अनुभव आणि मते त्यांची असतील, तर वर त्यांचे नाव असण्यात गैर काही नाही. शब्द मात्र आपले आहेत आणि कायदाही ते मानतो: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही ते लेखन आपले असल्याचे सांगण्याचा लेखकाचा अधिकार उरतो, तर कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी व्हावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती ५ वर्षे धरली जाते. तोंडी व्यवहारावर विसंबू नका.

ओळखीचा प्रश्न याहून नाजूक आहे. घरी तेलुगू आणि कारखान्यात मराठी बोलणारे हे गृहस्थ, नक्षीदार कापड विणणाऱ्या जकार्ड मागावर मोराची नक्षी उतरत असताना तुटलेला उभा धागा कसा सांधायचा, हे ज्या तुटक, थेट वाक्यांत सांगत असतील, ती वाक्ये आपण गुळगुळीत केलीत, तर नाव त्यांचे आणि माणूस भलताच, असे होईल. म्हणून मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘मी असं बोलत नाही’ असे ते म्हणतील ती ओळ खोडा. त्यांनी न भोगलेले प्रसंग, कितीही शोभून दिसले तरी, त्यांच्या तोंडी घालू नका.

‘शब्दांकन’ म्हणून आपले नाव देण्याची प्रथा मराठीत रूढ आहे. ती मागणी करार करतानाच मांडा.