न्यूयॉर्कच्या २०१४ च्या गव्हर्नर निवडणुकीत रॉब अॅस्टोरिनो यांचा ‘कॉमन कोअर’ला विरोध का होता?

मुख्य तक्रार एकच: हे वरून लादलंय. कोणत्या इयत्तेत गणित आणि इंग्रजीत काय यायला हवं, हे ठरवणारी ही मानकं न्यूयॉर्कने २०१० मध्ये स्वीकारली. त्याच वर्षी ‘रेस टू द टॉप’ योजनेतून राज्याला केंद्राकडून जवळपास ७० कोटी डॉलर मिळाले. पैशापायी शिक्षक-पालकांना न विचारता हे गळ्यात मारलं, असं या रिपब्लिकन उमेदवाराचं म्हणणं.

२०१३ च्या नव्या परीक्षांत तिसरी ते आठवीची जेमतेम ३१ टक्के मुलं निकषाला उतरली, तेव्हा पालक भडकलेच. त्यात गृहपाठ घेताना ८ + ६ साठी आधी ८ + २ = १०, मग उरलेले ४, हे बघून अनेकांचं डोकं फिरायचं. (मला तरी ही पद्धत बरी वाटते, आपणही तोंडी हिशेब असाच करतो की!) परीक्षांच्या भडिमाराबद्दल मात्र अॅस्टोरिनो बरोबर होते.

त्यांनी ‘स्टॉप कॉमन कोअर’ नावाचा पक्ष काढून मतपत्रिकेवर वेगळी जागाच मिळवली. तेव्हाचे डेमोक्रॅट गव्हर्नर अँड्र्यू क्वोमोंपुढे हरले, पण त्या नावावर ५० हजारांहून जास्त मतं पडली आणि पक्षाला मान्यता मिळाली. पुढे त्याचंच नाव ‘रिफॉर्म पार्टी’ झालं.