महिन्याचे पंधरा डॉलर आणि बेसबॉलची कार्डे

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपासून पिट्सबर्गमध्ये राहतो. घरात एकच पगार आहे. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला शाळेतल्या मित्रांमुळे बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंची चित्रे छापलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा, नाद लागला आहे. खाऊचे पैसे आणि वाढदिवसाला आजी-आजोबांनी दिलेले पैसे, सगळे कार्डांची बंद पाकिटे विकत घेण्यात जातात. आत कोणती कार्डे आहेत हे फोडेपर्यंत कळत नाही. पाकीट फोडले आणि हवे ते निघाले नाही, की कार्डे खोक्यात पडतात आणि पुढच्या पाकिटाचा हट्ट सुरू होतो. त्याच्या बाबांच्या मते हा जुगार आहे आणि तो आजच बंद करावा. मला मात्र वाटते, की त्याला इथे मित्र मिळाले ते या कार्डांमुळेच. काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, म्हणून आधी निर्णय सांगते आणि कारणे मागाहून देते. छंद चालू ठेवा, पाकिटे बंद करा. त्याच्या बाबांना आलेली शंका रास्त आहे, पण ती बंद पाकिटाला लागू पडते. सुटी कार्डे निवडून, पारखून, भाव विचारून घेणे हा निराळा व्यवहार आहे, आणि खरा कार्डसंग्रह तिथेच सुरू होतो.

मुलगा पाकिटांमागे का लागला असावा, याचा अंदाज पत्रात पिट्सबर्गचे नाव वाचताच आला. तिथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, पॉल स्कीन्स याने मे २०२४ मध्ये पदार्पण केले. त्या सामन्यात त्याच्या गणवेशावर असलेला छोटा कापडी बिल्ला बसवलेले आणि जगात एकच प्रत असलेले कार्ड टॉप्स या कार्डे छापणाऱ्या कंपनीने एका पाकिटात घातले, आणि ते नाताळच्या सुमारास कॅलिफोर्नियातील अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हाती आले. पायरेट्सनी त्या कार्डाच्या बदल्यात इतर भेटींसोबत तीस वर्षांची सीझन तिकिटे देऊ केली होती, पण कुटुंबाने लिलावाचा मार्ग पत्करला आणि मार्च २०२५ मध्ये ते कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना विकले गेले. आपल्याच गावचा संघ आणि आपल्याच वयाचा मुलगा, असे असताना आपल्या चिरंजीवांच्या मनात काय चालले असेल हे वेगळे सांगायला नको. त्याला रागावण्यापेक्षा एका संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि पाकिटावर, खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर बारीक अक्षरांत दिलेल्या शक्यता त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. विशिष्ट कार्ड सरासरी किती पाकिटांमागे एकदा निघते, तो आकडा पाकिटाच्या किमतीने गुणायला लावा. अकरा वर्षांच्या मुलाला हा गुणाकार सहज येतो, आणि स्वतः काढलेले उत्तर आईवडिलांच्या शंभर सूचनांपेक्षा अधिक काळ लक्षात राहते.

आता पैशांचे. पत्रात रक्कम नाही, म्हणून मी महिन्याला पंधरा डॉलर धरते. मोठ्या दुकानांत मिळणारा ‘ब्लास्टर’ नावाचा पाकिटांचा छोटा खोका सध्या साधारण पंचवीस डॉलरना पडतो, म्हणजे दीड महिन्याहून अधिक काळाचे पैसे एका संध्याकाळी संपतात आणि निघालेल्या बहुतेक कार्डांना बाजारात काही सेंटांपलीकडे भाव नसतो. तीच कार्डे सुटी घ्यायला गेलात तर कार्डांच्या दुकानात आणि प्रदर्शनांत दहा सेंट, पंचवीस सेंट, फार तर एक डॉलर अशा भावाने खोकेच्या खोके मांडलेले असतात. दहा सेंटच्या खोक्याला इथे ‘डाइम बॉक्स’ म्हणतात.

हे खोके आपण एकदा प्रत्यक्ष पाहावेत असे मला फार वाटते. माझ्या मुलीला मी पहिल्यांदा अशा प्रदर्शनाला नेले तेव्हा ते एका हॉटेलच्या सभागृहात भरले होते. लांबट पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत हजारो कार्डे ओळीने उभी होती, आणि ती दोन बोटांच्या टोकांनी एकेक पुढे ढकलत पाहत होती. पहिल्या दहा मिनिटांत तिने मूठभर उचलली. मग मी म्हटले, की आज सहाच डॉलर आहेत, आणि तिने ती सगळी टेबलावर पसरून त्यांतली निम्मी परत ठेवली. कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे, याचा विचार करताना तिच्या कपाळावर आलेली आठी मला अजून आठवते. प्रदर्शन संपायच्या शेवटच्या तासाला गेलात तर विक्रेते भाव उतरवतात, कारण तेवढी खोकी गाडीत परत चढवायची असतात. मुलाला स्वतःच भाव विचारू द्या. अनोळखी माणसाशी इंग्रजीत, सभ्यपणे घासाघीस करण्याचा सराव त्याला शाळेत कुठे मिळणार?

कोणती कार्डे स्वस्त आणि कोणती महाग, यामागचे कारण त्याला समजले तर खरेदीत तो सहसा फसणार नाही. जुन्या काळचा नामवंत खेळाडू मिकी मँटल याचे १९५२ सालचे टॉप्स कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्या काळी कार्डे च्युइंगमसोबत मिळत, मुले ती सायकलच्या चाकात अडकवत, आणि मुले मोठी झाली की घरचे ती केरात टाकत, त्यामुळे चांगल्या स्थितीत फार थोडी उरली. अशा जुन्या कार्डांचे भाव चढत असल्याचे ऐकून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांनी कार्डे गुंतवणूक म्हणून जपायला सुरुवात केली, कंपन्यांनीही ती अफाट संख्येने छापली, आणि कुणीच काही न टाकल्यामुळे त्या वर्षांची कार्डे आजही पैशाला पासरी मिळतात. संग्राहक त्या काळाला ‘जंक वॅक्स’, म्हणजे मेणकागदी पाकिटांतला कचरा, म्हणतात. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने तो कचरा असेलही, पण पंधरा डॉलरवाल्या मुलासाठी ती खाण आहे. १९८७ चा टॉप्सचा ७९२ कार्डांचा संच घ्या. प्रत्येक कार्डाला लाकडी फळीसारखी दिसणारी तपकिरी चौकट आहे, आणि पुढे कारकिर्दीत ७६२ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) करणारा बॅरी बॉन्ड्स त्यात पायरेट्सच्या गणवेशात, कोवळ्या वयाचा दिसतो. त्याची सुटी प्रत काही डॉलरांत मिळते. त्या काळचे न फोडलेले जुने पाकीट कुणी भेट दिलेच तर आतला च्युइंगम मात्र तोंडात घालू देऊ नका. इतक्या वर्षांत तो खाण्याजोगा राहिलेला नसतो.

पैसे कमी असले की विषय आवळून घ्यावा लागतो, आणि संग्रहाला खरी शिस्त त्यामुळेच लागते. एक संघ, एक खेळाडू किंवा एक वर्ष, यांपैकी काहीतरी त्याने निवडावे. आपण पिट्सबर्गमध्ये आहात, तेव्हा माझे मत उघडच पायरेट्सच्या बाजूने आहे. जगातले सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल कार्ड, म्हणजे १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेले होनस वॅगनरचे कार्ड, पायरेट्सच्याच खेळाडूचे आहे. ते मिळणे अशक्य, पण वॅगनरचा पुतळा पीएनसी पार्क या पायरेट्सच्या मैदानाबाहेर उभा आहे आणि तो पाहायला तिकीट लागत नाही. २००८ मध्ये भारतातल्या चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून पुढे आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन तरुणांशी करार केला तोही याच संघाने, हे आपल्या मुलाला ठाऊक नसेल तर जरूर सांगा.

सगळ्यांत जास्त मला ज्याच्याविषयी सांगावेसे वाटते तो खेळाडू म्हणजे पोर्तो रिकोहून आलेला रॉबर्टो क्लेमेंटे. साठच्या दशकातील टॉप्सच्या कार्डांवर त्याचे नाव ‘बॉब क्लेमेंटे’ असे छापलेले आढळते. त्याला स्वतःला रॉबर्टोच म्हणवून घ्यायचे होते, पण अमेरिकी जिभेला सोपे म्हणून बॉब रूढ केले गेले. १९७० च्या कार्डावर मात्र ‘रॉबर्टो’ आहे. शाळेत ज्यांच्या नावाची मोडतोड होते किंवा जी स्वतःच कंटाळून नाव आखूड करून सांगतात, अशी मुले आपल्या प्रत्येक मंडळात आहेत. त्यांच्यापुढे ही दोन कार्डे, किंवा त्यांची डॉलर-दोन डॉलरना मिळणारी पुनर्मुद्रणे, शेजारी शेजारी ठेवून पाहा. क्लेमेंटेने १९७२ च्या हंगामात बरोबर तीन हजारावी हिट (चेंडू टोलवून सुखरूप तळ गाठून देणारा फटका) मारली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला, निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारे विमान कोसळून तो गेला. त्याचे १९७३ चे कार्ड मृत्यूनंतर बाजारात आले. कोपरे झिजलेली, मधोमध घडी पडलेली प्रत घ्यायची तयारी असेल तर काही महिने पैसे साठवून ते अस्सल कार्डही आवाक्यात येते, आणि झिजलेले कार्ड कुणाच्या तरी हातांत खेळलेले असते म्हणून मला ते अधिक प्रिय वाटते.

इथे मुलाच्या बाबांना सोबत घ्या. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला कार्डाची मागची बाजू वाचायला एक तास पुरतो. बेसबॉलमधली सरासरी म्हणजे हिटची संख्या भागिले ॲट-बॅटची, म्हणजे फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांची, संख्या. क्लेमेंटेच्या कारकिर्दीत ९,४५४ ॲट-बॅट आणि ३,००० हिट आहेत. भागाकार केला की .३१७ येते, म्हणजे हजारात तीनशे सतरा वेळा यश, आणि एवढ्या यशावर माणूस हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानदालनात, जातो. बाप-लेक जेवणानंतर असे चार आकडे मांडू लागले, की जुगाराचा विषय पुन्हा निघेल असे मला वाटत नाही.

कमी पैशांत मोठा संग्रह होतो का, असे कुणी विचारले तर मी सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांचे नाव घेते. विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने बोटे आखडलेला हा माणूस इतरांना टाकाऊ वाटणारी छापील कार्डे आयुष्यभर जमवत राहिला. तीन लाखांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह, त्यातल्या तीस हजारांवर बेसबॉल कार्डांसह, त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले त्याच्या थोडेच आधी वर्गवारीचे आणि चिकटवण्याचे काम पूर्ण झाले होते. वॅगनरच्या संचाला आजही ‘टी २०६’ म्हणतात, तो क्रमांक त्यांच्याच सूचीतला आहे. न्यूयॉर्कला गेलात तर त्यातली काही कार्डे तिथे आळीपाळीने मांडलेली असतात.

बर्डिक यांनी कार्डे वह्यांत चिकटवली, आपण मात्र तसे करू नका. डिंक, चिकटपट्टी आणि रबरबँड हे कार्डाचे वैरी आहेत. पातळ प्लॅस्टिकचे ‘पेनी स्लीव्ह’ शंभराच्या गठ्ठ्याने दीड-दोन डॉलरना मिळतात. आवडत्या कार्डाला आधी ते घालावे, मग ‘टॉपलोडर’ या कडक आवरणात सरकवावे. बाकीच्यांना बाइंडरमधली नऊ कप्प्यांची पाने पुरतात, मात्र ती पीव्हीसीविरहित आहेत हे वेष्टनावर पाहून घ्या. आमच्याकडे मुलीची तीनशे कार्डे मी रबरबँड लावून बेसमेंटमध्ये ठेवली होती. एका पावसाळी उन्हाळ्यानंतर काढली तेव्हा सगळी धनुष्यासारखी वाकली होती आणि कडांना रबराच्या खाचा पडल्या होत्या. तिचा चेहरा पाहून मला जे वाटले ते आपल्या वाट्याला येऊ नये. कार्डे राहत्या खोलीच्या कपाटात, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा.

ऑनलाइन घेताना चार गोष्टी पाळा. विक्रेत्याने मागितलेला भाव पाहू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचा भाव पाहा. ईबेवर तशी सोय आहे. पन्नास सेंटच्या कार्डावर दीड डॉलर टपालखर्च होतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून दहा-वीस कार्डे एकत्र मागवा. ग्रेडिंगसाठी, म्हणजे कंपनीकडून कार्डाचा दर्जा ठरवून घेण्यासाठी, एका कार्डामागे वीस-पंचवीस डॉलर किंवा अधिक खर्च येतो, त्यामुळे दोन डॉलरच्या कार्डासाठी त्याचा विचारही नको. आणि थेट प्रक्षेपणात खोकी फोडून संघवार हिस्से विकणारे ‘ब्रेक’ नावाचे कार्यक्रम मुलाच्या हाती मुळीच लागू देऊ नका. तिथे बाबांचा ‘जुगार’ हा शब्द अक्षरशः खरा आहे.

पहिल्या महिन्यात नवे काही घेऊ नका. खोक्यात पडलेली कार्डे त्याला जमिनीवर मांडायला सांगा, पायरेट्स वेगळे, बाकीचे वेगळे. ‘बाकीचे’ हे त्याचे भांडवल. मित्रांशी अदलाबदल त्यातूनच करावी. मात्र दोघांनीही आधी भाव पाहावा आणि आपल्यापेक्षा लहान मुलाकडून घाईत काही घेऊ नये, एवढे बजावून सांगा. मग हवी असलेली कार्डे त्याने कागदावर क्रमांकांसह लिहावीत. पुढच्या वाढदिवसाला आजी-आजोबांना ती यादी पाठवून त्यातले एक नाव त्यांनाच निवडू द्या, आणि कार्ड आले की पुढच्या व मागच्या दोन्ही बाजूंचे फोटो त्यांना पाठवा. आकडे कसे वाचायचे, हे नातू त्यांना फोनवर समजावून सांगेल.