'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' पहिल्यांदा वाचताना

परीक्षण लिहिण्यासाठी सुझॅना क्लार्क यांची ही कादंबरी (२००४) वाचायला घेताय, उत्तम! नेपोलियनच्या काळातल्या इंग्लंडमधल्या नॉरेल आणि स्ट्रेंज या दोन जादूगारांची ही गोष्ट. फक्त घाई नको. पहिला अख्खा खंड नॉरेलचा, स्ट्रेंजचा खंड दुसरा. काही नवे वाचक त्याआधीच पुस्तक मिटतात. संथ सुरुवात ही खरी उणीव आहेच.

दोन चुका टाळा:

- तळटीपा गाळणे. उत्तर इंग्लंडवर तीनशे वर्षं राज्य केलेल्या जादूगार राजाचा इतिहास बराचसा तिथेच उलगडतो. माझ्या मते हेच पुस्तकाचं सर्वांत मोठं बळ.
- परीक्षणात फक्त जादूबद्दल लिहिणे. नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फौजेसाठी स्ट्रेंज रस्ते तयार करतो, हे झकासच. पण इतकी जादू घडून गेल्यावरही नेपोलियन, वॉटर्लूची लढाई खऱ्या इतिहासासारखे जागच्या जागी कसे? परीक्षणात हा प्रश्न जरूर विचारा.

बाकीचं दुसऱ्या वाचनात.